चार लॅबची साक्ष

मंगळवार, संध्याकाळ

गुऱ्हाळाच्या मातीतल्या जिवाणूचं ते एन्झाइम सगळ्या लॅबच्या सामाईक नोंदवहीत आजही कुठं बसेना. साखर फोडण्याच्या रासायनिक मार्गात टाकायचं, की पेशीची भिंत बांधण्याच्या? शेजारच्या टेबलावरून संगीताताई ओरडल्या, "चार लॅबनी साखरच लिवलीया की! तुझंच काय अडलंय?"

खरंच, काय अडलं होतं? तरी त्या लॅबनी कशावरून लिहिलं ते बघत गेले. चौथीनं तिसरीवरून, तिसरीनं दुसरीवरून, दुसरीनं पहिलीवरून उचललेलं. प्रयोग कुणीच केलेला नाही. पहिलीनं एका जुन्या नोंदीचा आधार दिला होता. ती उघडली, तर खाली माझं नाव. "बहुधा साखर." एम.एस्सी.ला असताना, गडहिंग्लजची एसटी गाठायच्या घाईत मीच लिहिलेलं. पुढं ते "बहुधा" सगळ्यांनी गाळलं.

ताईंना दाखवलं. त्या हसल्या नाहीत, नुसत्या खुर्ची ओढून जवळ बसल्या.

मार्ग पुसून "माहीत नाही" असं लिहिलं आणि नोंद पाठवली. संगणकानं लगेच परत केली: चार नोंदी तुमच्या विरुद्ध आहेत, पुन्हा तपासा.

विरुद्ध कोण? चौघींच्या तोंडून मीच बोलतेय. आणि आता मी "बहुधा साखर" एवढंही म्हणायला तयार नाही.