बदकाखालचा माणूस

प्रिय कुंदा,

मी इकडे नागपूरले, बेसा भागात मजेत आहे. मेसचं जेवण झकास आहे, काळजी करू नको. आईचा गुडघा आता कसा आहे?

फोनवर भांडण होईल, म्हणून लिहून राहिलो. शाळेत तुझ्या वर्गात होता तो मोरेश्वर इथं नागपुरात बदली होऊन आला. बागेतल्या बदकांचे गमतीचे फोटो काढायचा नाद माझा, अन् यानं माझं पाहून कॅमेरा घेतला. मी चिखलात पालथा पडून वाट पाहतो, तेव्हा कुठं एखादं बदक बूड वर करते. हा नुसता येऊन उभा राहिला की बदकं नाचायले लागतात!

आपल्या आर्वी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या फोटोले तू नुसता अंगठा दिला, अन् त्याच्या फोटोले लाल बदाम. काहून वं?

रविवारी तर तू हद्दच केली. पालथ्या माणसाच्या पाठीवर बदक ऐटीत उभं आहे, त्या फोटोले तीन बदाम! वरून फोटोखाली लिहिलं, "मोरेश्वर, बदक मस्त आलं! पण खालचा माणूस किती वाळला बिचारा. त्याले काही खाऊ घाल."

कुंदा, तो मीच आहे.

ओळख असू दे,
तुझाच नवरा,
वसंता