एम-सात अखेर चिकटला

२ एप्रिल
रोजनिशी सुरू. पीएचडीची मुदत ३० जूनला संपते आणि आता वाढ मिळणार नाही. पीएचडी नाही तर कॉलेजातले तासही बंद. तरी काळजी नाही, औषध तयार आहे. नाव एम-सात. एम म्हणजे मुकुल. आधीच्या सहांविषयी बोलायचं नाही. शर्टावर एम-सातचा पिवळा डाग पडलाय. धुवायचा नाही. पुढे लोकांना दाखवायला होईल.

५ एप्रिल, दुपार
एम-सातने प्लेटमधले सगळे जंतू मारले. शेजारच्या, औषध न घातलेल्या प्लेटमधलेही मेले. केवढी ताकद! माझे गाइड व्यंकटराव सर म्हणाले, अरे, लाइट गेलती म्हणून परभणीच्या उन्हात खिडकीत ठेवल्यावर मरतील न्हाई तर काय. सरांना कौतुक जमत नाही.

१२ एप्रिल
आता एवढंच सिद्ध करायचं, की एम-सात डीएनएला चिकटतो. डीएनए म्हणजे पिळलेली शिडी. हा दोन पायऱ्यांच्या मधे घुसून बसतो, मग जंतूला शिडीची नक्कल काढता येत नाही, वंश बुडतो. कॉम्प्युटरवर तर जावयासारखा ऐसपैस बसलाय.

२० एप्रिल
विकतचा डीएनए यायला दीड महिना लागणार. अडलंय कुणाचं? घरीच काढला. कांदा, मीठ, भांडी घासायचं लिक्विड, वरून थंडगार स्पिरिट. पांढरे तंतू आले! लिक्विड जरा जास्त पडलं. बायको वैदेही पिंगळीच्या शाळेत आठवीला हेच शिकवते. तिने विचारलं, साबण नीट धुऊन काढला का? आठवीचं आणि पीएचडीचं सारखं नसतं, हे तिला सांगितलं नाही. थोडा फेस येतोय.

४ मे
चिकटला! डीएनएचे थेंब टाकत गेलो, मशीनवरचा आलेख खाली उतरत गेला, बाजूलाही सरकला. औषध डीएनएला चिकटलं की पुस्तकात दाखवतात, तस्सा. राजनंदिनी, माझी ज्युनिअर, थिसिस देऊन मोकळी झालेली, म्हणाली, सर, डीएनए न टाकता नुसतं साबणाचं पाणी टाकून पाह्यलं का? जळतात लोक.

१८ मे
थिसिस लिहायला घेतला. अर्पणपत्रिका झाली. राणीसावरगावला आईला फोन करून सांगितलं, डॉक्टर झालो म्हणून समज. आई म्हणाली, लय बेस झालं बाबा, गुडघे लय दुखायलेत, तूच बघ आता. गावभर सांगितलंय तिने.

२४ जून
कमिटीपुढे प्रेझेंटेशन. बाहेरून आलेल्या मॅडमनी तेच विचारलं, नुसतं साबणाचं पाणी टाकून पाहिलं का? सर म्हणाले, आत्ताच करून दाखव. दाखवलं. आलेख तेवढाच उतरला, तेवढाच सरकला. एम-सात डीएनएला नव्हे, भांड्याच्या लिक्विडला चिकटला होता. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सर नुसतं म्हणाले, चहा घे.

२५ जून
पाच दिवसांत सगळं नव्याने करता येईल. उद्यापासून पहाटे पाचला उठायचं.

२६ जून
नऊला उठलो.

३० जून
मुदत संपली. राजनंदिनीला माझे तास मिळाले. संध्याकाळी मोरीत जाऊन रडलो. वैदेहीने दार वाजवलं नाही. नंतर तिने तो शर्ट धुवायला घेतला. मी म्हणालो, राहू दे, तो डाग निघायचा नाही. तिने भांड्याचं लिक्विड लावलं. चोळावंही लागलं नाही.

आईला अजून फोन केलेला नाही. ती उद्याच्या गाडीने येतेय, गुडघे दाखवायला.