टेलिफोन ताबडतोब बंद करणेबाबत

शुक्रवार, ३ मार्च १९९५. सातारा

पूजेला बसलो आणि तीन वेळा फोन वाजला! गंधाचा हात तसाच घेऊन उठलो. पहिला फोन — ज्ञानू गिरणीवाल्याला बोलवा. दुसरा — अजून बोलावलं नाही का? तिसरा राँग नंबर. मग ज्ञानू आला तो पिठाच्या पायांनी थेट बैठकीत. "हॅलोऽऽ" असा ओरडला की पलीकडच्या माणसाला फोनशिवाय ऐकू गेलं असतं.

गिरणीच्या पाटीवर त्यानं माझा नंबर रंगवून घेतलाय. पुढं कंसात पी. पी. — म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, निरोप मिळेल. लाल ऑइलपेंट, वीतभर आकडे. मला विचारलं? नाही. फोनसाठी सहा वर्षं रांगेत थांबलो मी, आणि निरोप्याही मीच.

विनोदिनी म्हणते, "महिना तर राहिला. जाताना कशाला तोंड कडू करताय?" तीन एप्रिलला बँकेच्या सांगली शाखेत हजर व्हायचंय. पाडवा तिथंच करायचा. बदलीची ऑर्डर आल्यापासून आमच्या घरात सगळ्या वाक्यांची सुरुवात 'जाताना'नं होते.

शनिवार, ४ मार्च

संध्याकाळी शेजारचा नाथाजी आला. रिटायर हवालदार. फोनला आला तरी चपला बाहेर काढतो, आधी देव्हाऱ्याला हात जोडतो, मग रिसीव्हरला हात लावतो. आळीत एवढा एकच.

त्याच्या शालनला बघायला मंगळवारी कडेगावची मंडळी येऊन गेली. मुलगा साखर कारखान्यात, घरचा ऊस. पसंती पंधरा-वीस दिवसांत फोनवर कळवतो म्हणालेत. नंबर माझाच दिलाय.

"भाऊसाहेब, तेवढं कडेगावचं कळंपतोर फोन बंद करू नका."

"तीस तारखेला निघणार आम्ही. तोवर चालू राहील."

"शब्द?"

"शब्द."

त्यानं हात पुढं केला, मी दिला. मिलिटरीतला हात — बोटं अजून दुखताहेत.

सोमवार, ६ मार्च

सकाळी बँकेत जाताना गिरणीपाशी चार-पाच जण होते. ज्ञानू म्हणाला, "भाऊसाहेब, फोन ठेवून जावा की हितं गिरणीत. तुमाला काय, बँकेचं मानूस, तिकडं दुसरा मिळंल."

म्हटलं, फोन असा देता येत नाही. नियम असतात.

"म्हंजे वाजनंसुदिक बांधून नेनार व्हय सांगलीला?"

सगळे हसले. पिठाचे डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकाही हसल्या! कानाच्या पाळ्या तापल्या. तसाच टेलिफोन ऑफिसात गेलो.

खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, फॉर्म भरा, सोबत साधा अर्ज. सांगलीला बदलून हवा असेल तर वेगळा फॉर्म. म्हटलं, नको. मला फोनच नको. बँकेत सगळ्यांनी बजावलं होतं, महिनाभर आधी अर्ज टाका, सरकारी कागद आहे, आणि 'ताबडतोब' लिहा, नाहीतर हलणार नाही. विषय लिहिला — टेलिफोन ताबडतोब बंद करणेबाबत. ताबडतोब खाली दोन रेघा मारल्या. दुसरी रेघ ज्ञानूसाठी.

बाई म्हणाल्या, "अमुक तारखेपासून, असं काही लिहायचंय?"

"नाही."

"बघा हं."

"बघितलं."

नाथाजीला दिलेला शब्द विसरलो होतो असं नाही. यायला ज्याला सहा वर्षं लागली त्याला जायला महिना लागेलच, असा हिशेब केला. हा हिशेब आता इथं लिहिताना जेवढा बरा दिसायला हवा तेवढा दिसत नाही.

गुरुवार, ९ मार्च

उपास. पोथी वाचली. डोळे ओळीवर, मन गिरणीच्या पाटीवर.

रविवार, १२ मार्च

काल-आज सांगलीला खोल्या बघायला गेलो. रात्री मिरजेला विनोदिनीच्या मावसबहिणीकडं राहिलो. विश्रामबागेजवळ दोन खोल्या मिळाल्या, बऱ्या आहेत. घरमालकांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "तुमचा फोन आहे का? म्हणजे आमचीही सोय होईल." जागच्या जागी खोली नाकारणार होतो! विनोदिनीनं शर्टाची बाही ओढली.

देवापुढं दिवा लावायला शालनकडं किल्ली देऊन गेलो होतो. परत आलो तर समई लख्ख, तगरीची फुलं वाहिलेली. पोरगी डी. एड.चा अभ्यास सांभाळून एवढं करते. तिचं चांगलं होवो.

सोमवार, १३ मार्च

फोन गेला!

मी बँकेत असताना आकाराम लाइनमन आला. वायर काढली, इन्स्ट्रुमेंट पिशवीत घातलं, विनोदिनीची सही घेतली, चहा प्यायला आणि गेला. आठ दिवसांत! ज्या ऑफिसानं मला सहा वर्षं हेलपाटे घालायला लावले त्याला आठ दिवसांत कसला एवढा झटका आला? विनोदिनीला म्हटलं, थांबवायचं नाहीस त्याला? ती म्हणाली, "त्यानं तुमचा अर्ज दाखवला. तुमचं अक्षर मला कळत नाही का?"

दिवेलागणीला राहीवहिनी दारात. नाथाजीची बायको. "आवं भावजी, कडेगावचा फोन वाजला का वो?"

"लाइन खराब आहे. दुरुस्त करतील दोन दिवसांत."

माझ्याच तोंडून आलं हे. देव्हारा पाठीमागं. विनोदिनीनं माझ्याकडं पाहिलं आणि आत गेली.

मंगळवार, १४ मार्च

टेलिफोन ऑफिस उघडायच्या आधी जाऊन उभा. म्हटलं, पंधरा दिवसांपुरता परत जोडा. बाईंनी फाइल काढून अर्ज माझ्यासमोर ठेवला. "तुमचाच ना? आता नवा अर्ज, नवा नंबर. रांग आहे."

"मी एक महिना धरून चाललो होतो!"

"ते कुठं लिहिलंय?"

मी आवाज चढवला. सरकारी कारभार, माणुसकी, काय काय बोललो. मागचा एक जण म्हणाला, "काका, लवकर काम झालं म्हणून भांडताय?" रांगेतले हसले. आठवड्यात दुसऱ्यांदा लोक मला हसले, आणि या वेळी त्यांचं बरोबर होतं. म्हणून जास्त संताप आला.

घरी येऊन पितळेचा डबा तिपाईवर ठेवला. वर फोनचं विणलेलं झाकण घातलं. खिडकीतून कुणी पाहिलं तर फोन आहे असं वाटावं म्हणून. हे मी केलं. विनोदिनीनं नाही.

कडेगावला पत्र टाकावं, बँकेचा नंबर कळवावा, असं मनात आलं. पण पत्ता नाथाजीकडं मागावा लागेल. मग तो विचारणार, कशाला?

गुरुवार, १६ मार्च. होळी

नैवेद्य दाखवला. तोंडानं मंत्र म्हणवेना. राहीवहिनी चार दिवसांत पाच वेळा विचारून गेल्या. पाच वेळा तेच सांगितलं.

सोमवार, २० मार्च

मोडलं.

मध्यस्थ जोतिबा मास्तर दुपारी आले. नाथाजीच्या ओसरीवरचा शब्द न् शब्द माझ्या खिडकीत ऐकू येत होता. "मंगळवारी, बुधवारी फोन लावून लावून दमली मंडळी. लागंना. तुमच्याकडनं बी कायच न्हाई. मग त्यांनी मन काढून घेतलं. वडूजच्या पोरीसंगं काल सुपारी फुटली."

राहीवहिनींचं रडणं ऐकलं. त्या म्हणाल्या, "एक माणूस कडेगावला धाडलं असतं तर?" नाथाजी म्हणाला, "पोरीच्या बापानं किती येळा दार वाजवायचं?" मग म्हणाला, "लाइन खराब, त्याला भाऊसाहेब तरी काय करनार."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. माझी बाजू घेतली त्यानं! भिंतीवर मूठ आपटली. दुखली. बरं झालं.

मंगळवार, २१ मार्च

कुणावर चिडू याची यादी करून पाहिली. ज्ञानू, बाई, आकाराम, बँकेतले शहाणे. एकेकाला खोडत गेलो. अर्जाखाली सही एकाचीच आहे.

गुरुवार, २३ मार्च

उपास. देवापुढं बसलो आणि उठलो. आधी नाथाजी, मग देव.

तो ओसरीवर बूट पुसत होता. शालन आत दळण निवडत होती. उभ्यानंच सगळं सांगितलं. अर्ज, दोन रेघा, लाइनमन, रोजचं खोटं. डब्याचंही.

त्यानं हातातला बूट पुरा पुसला. मग, "डबा ठिवला हुता?"

"हो."

"वर झाकान घालून?"

"हो."

"आवं, फोन तुमचा. तोडायचा तर तोडा, कोन न्हाई म्हनतंय? पन मला येऊन सांगितलं असतं, त्याच दिशी एस्टी धरून कडेगाव गाठलं असतं मी. आट दिस माज्या बायकूला दारात उभं करून लाइन खराब म्हनत हुता व्हय?"

त्यानं पुसलेला बूट खाली ठेवला.

"रेजिमेंटमधी आसल्या माणसाला..." त्यानं दुसरा बूट उचलला. "जावा आता, सायेब."

बारा वर्षांत मला त्यानं भाऊसाहेब सोडून काही म्हटलं नव्हतं.

बुधवार, २९ मार्च

ट्रंका बांधल्या. आळीतलं कुणी फिरकलं नाही. आला तो ज्ञानू! दोर घेऊन, न बोलावता. कपाट त्यानंच उतरवलं. "पाटीवरचा नंबर पुसला बरं का. आता तरी हसा की, भाऊसाहेब." हसलो नाही. त्याच्यावर चिडायचा हक्कही गेला, याचीच चीड आली.

शनिवार, १ एप्रिल. पाडवा. सांगली

गुढी उभारली. नव्या घरात फोन नाही, आळी नाही, पूजेत कुणी उठवत नाही. पूजा लागली नाही.

मंगळवार, ११ एप्रिल

बँकेच्या पत्त्यावर शालनचं आंतर्देशीय पत्र.

लिहिते — काका, कडेगावचा फोन तुम्ही खोल्या बघायला सांगलीला गेलात त्या शनिवारीच आला होता. मी दिवा लावत होते. पसंत आहे म्हणाले, मंगळवारपर्यंत वडिलांना फोन करायला सांग, आणि लग्नानंतर शिक्षण बंद. मी घरी कुणाला सांगितलं नाही. ते परत फोन करतील या भीतीनं दोन दिवस घास उतरला नाही. मग सोमवारी लाइनमनला तुमच्या घरातून फोन नेताना पाहिलं. तुम्ही आबांना सगळं सांगत होता तेव्हा मी आत होते. बाहेर यायला हवं होतं, आले नाही. आबांना मीच सांगेन, परीक्षा झाल्यावर. तोपर्यंत तुम्ही सांगू नका.

दोनदा वाचलं आणि फाडून टाकलं. नाथाजीचा माझ्यावरचा राग आहे तसा राहू दे.

परीक्षा अठ्ठावीस तारखेपासून आहे.