एका स्क्रूखाली दोन लाल वायरी

अकोला,
बुधवार, दुपार

प्रिय दीपमाला,

पत्र पाहून आधी हसशील. तुझ्या गावात रेंज येत नाही म्हणून लिहिलं, असं सांगता आलं असतं, पण खरं कारण ते नाही. फोनवर माझा आवाज चढतो, तू 'नागसेन, हळू' म्हणतेस आणि मग तो आणखी चढतो. कागदावर ओरडता येत नाही. शिवाय सोमवारी धारणीत जीवनच्या सोलर बसवणाऱ्या संस्थेची मीटिंग आहे. तुझ्या लेखी तक्रारीवरून त्याला कामावर ठेवायचं की काढायचं, ते तिथं ठरणार आहे. त्याच्या आधी हे तुझ्या हातात पडायला पाहिजे.

पहिले माझ्या जळण्याचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. तुझी आरोग्यसेविकेची ऑर्डर निघाली, तू बेबीमावशीला घेऊन त्या टोकाच्या गावात राहायला गेलीस, आणि महिन्याभरानं तुझा एक व्हॉइस मेसेज आला. अडतीस सेकंदांचा. टेकडीवर चढून पाठवला होतास, दम लागलेला ऐकू येत होता. जीवननं टिनावर चार पॅनल बसवले, जीवननं वायरी कशा सरळ पट्टीतून नेल्या, जीवन म्हणे उन्हाळ्यात पंखाही चालेल. पाच वेळा जीवन. शेवटी, 'तू पण ये कधी.' मी तो मेसेज दुकानात, बॅटऱ्यांच्या मागं उभा राहून सात वेळा ऐकला. त्या 'पण'साठी.

तुला वाटत असेल, आपण बार्शीटाकळीहून एका एसटीनं अमरावतीला शिकायला गेलो, तेव्हापासूनचा हा नागसेन असाच डोक्यानं गरम. असेल. पण कॉलेज मी उगीच नव्हतं सोडलं. सरांनी माझी फाइल उघडली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, ही जीवनच्या फाइलची नक्कल आहे. जीवन माझा रूम पार्टनर. त्यानं माझी उतरवली होती, तीन रात्री, माझ्याच टेबलावर बसून. त्यानं तोंड उघडायच्या आत मी फाइल फाडली आणि वर्गाबाहेर पडलो. तू म्हणालीस, 'माफी मागून ये, वर्ष जाईल.' वर्ष गेलं. जीवन दुसऱ्या दिवशी सरांकडं जाऊन खरं सांगून आला होता, हेही तूच नंतर सांगितलंस. तोवर मी अकोल्यात शेषरावभाऊंच्या सोलरच्या दुकानात ड्रिल हातात घेतलं होतं, आणि खरं सांगू, त्यानं खरं सांगितलं याचाच मला जास्त संताप आला होता.

मग तुझा दुसरा मेसेज आला. मोटर चालू केली की इन्व्हर्टर शिट्ट्या मारून बंद पडतो, मावशीला हापशावरून पाणी आणावं लागतं. जीवनला संस्थेच्या कामानं पंधरा दिवस येता येणार नव्हतं. मी नाचलोच दुकानात. अर्ध्या एचपीची मोटर सुरू होताना क्षणभर चार-पाच पट ओढते, घरातला एकटा इन्व्हर्टर ते पेलत नाही, हे मला झोपेतही सांगता येतं. शेषरावभाऊंना विचारलं, दुसरा जोडू का? ते म्हणाले, "एका लाइनीवर दोघायले जुंपाचं असन तं एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घे, अन् मधात त्यायची बोलाची वायर टाक. एकाचं दुसऱ्याले ऐकू गेलं पाहिजे. नाही तं दोघायच्या लाइनी येगळ्या कर. मोटर एकावर, घर एकावर. अन् भांडण लावू नको बाप्पा त्यायचं." जीवनच्या मॉडेलचा जोडीदार फळीवर तयार होता. मी तो उचलला नाही. त्याचीच कंपनी मी काहून आणू? दुसऱ्या कंपनीचा आणला, त्याच्यापेक्षा मोठा.

परतवाड्याहून धारणी आणि तिथून जीप, तो खोका मांडीवर घेऊन. जीपमध्ये एका कोरकू आजीनं विचारलं, "टीवी है क्या?" मी म्हटलं, "नहीं माँजी, बिजली है." तर म्हणे, "फिर जला के दिखा." सगळी जीप हसली. मीही हसलो. त्या दिवशी शेवटचं.

तू लसीकरणाला गेली होतीस. मावशी दारातच म्हणाली, "भांडाले आला का फिटिंग कराले?" मी म्हटलं, फिटिंग कराले. आणि केलीही नीट, भाऊंनी सांगितली तशी. मोटर माझ्या इन्व्हर्टरवर, घरातल्या लाइटी आणि पंखा जीवनच्या. मोटर चालू केली, बल्ब हललासुद्धा नाही. टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला तशी मावशी खुश होऊन म्हणाली, "जीवननं लाइटी देल्या, तुनं पाणी देलं. दोघंही माहे लेकरंच!" मला जीवनच्या शेजारी लेकरू व्हायचं नव्हतं गं. तेव्हाच त्याच्या इन्व्हर्टरखाली चिकटवलेली चिठ्ठी दिसली. त्याचं ते वळणदार अक्षर. 'दीपमाला, लाल दिवा लागला तर घाबरू नकोस. आधी मला विचार.' आधी मला. हे वाचून माझं डोकं फिरलं.

तू संध्याकाळी आलीस तेव्हा जीवनचा इन्व्हर्टर जळून भिंतीवरून खाली उतरलेला होता, आणि सगळं घर माझ्यावर चालू होतं. मी म्हटलं, माल डुप्लिकेट आहे, अशा मालानं उद्या घराला आग लागेल. तू घाबरलीस. जळलेल्या इन्व्हर्टरचा, भिंतीवरच्या वायरींच्या उघड्या बॉक्सचा फोटो काढलास. तक्रार तू लिहिलीस, पण 'निकृष्ट साहित्य' हा शब्द माझा. 'निष्काळजीपणा' हाही माझा. तू मध्येच थांबून विचारलंस, "जीवन असं करंल का पण?" मी म्हटलं, तुला त्याचा एवढा पुळका काहून? मग तू सही केलीस. तुझ्या तक्रारीनं पाड्यावरच्या अकरा घरांचं काम थांबलं. शेजारच्या डोमाजीबाबांच्या टिनावर पॅनल चढले आहेत आणि घरात अजून रॉकेलची चिमणीच आहे, हे मी निघतानाच पाहिलं होतं आणि मान वळवून जीपमध्ये बसलो होतो.

काल जीवन दुकानात आला. शेषरावभाऊंकडं त्यानं तुझ्या घरासाठी त्याच मॉडेलचे दोन इन्व्हर्टर आणि जोडायची वायर मागितली. मग माझ्यासमोर फोन ठेवला. तुझ्या तक्रारीतला फोटो, बॉक्सवर मोठा केलेला. म्हणाला, "नाग्या, याच्यात तुले काही दिसते का?" मी म्हटलं, नाही. "बरं," म्हणाला, आणि बसून राहिला. चहा आला, त्यानं अर्धा माझ्या ग्लासात ओतला, होस्टेलवर ओतायचा तसा. मग म्हणाला, "मले फोटो आला त्याच दिवशी दिसलं व्हतं." मी ओरडलोच, मंग बोलला काहून नाही? तर म्हणे, "तिची मोटर तुह्यावर चालून राहिली. मी बोललो असतो तं तिनं रागानं तेही बंद केलं असतं. मावशीनं किती वेळ हापसाचं? अन् तुह्या चुगल्या मी तिच्यापाशी करणार नाही. सांगाचं असन तं तू सांग." दोन शिव्या दिल्या असत्या तर मी कॉलर धरली असती, हिशेब मिटला असता. तो उठून गेला, आणि मी भाऊंकडून कोरा कागद मागून घेतला.

म्हणून हे पत्र. तो फोटो फोनमध्ये पुन्हा उघडून बघ. बॉक्समध्ये लाइटीच्या लाइनीवर, एकाच स्क्रूखाली, दोन लाल वायरी आहेत. एक जीवनची, एक माझी. चिठ्ठी वाचल्यावर मला तुझ्या घरात त्याचं काहीच चालू नको होतं, लाइटीही माझ्याच पाहिजे होत्या. त्याची वायर आधी काढायची असते, हे मला माहीत होतं. रागाच्या भरात मी माझी तिच्यावरच आवळली आणि बटण दाबलं. दोन अनोळखी इन्व्हर्टर एकमेकांवर गेले, टप् असा आवाज झाला, आणि मावशी आतून म्हणाली, 'काय जळलं रे?' माल चांगला होता. निष्काळजी मी होतो. हा कागद सोमवारी संस्थेच्या साहेबांना वाचून दाखव, खाली माझी सही आहे. माझा इन्व्हर्टर उतरवून ठेव. जीवनची जोडी मोटर, लाइटी सगळं मिळून ओढेल. माझ्या इन्व्हर्टरची चार भोकं भिंतीवर राहतील, त्याचे स्क्रू त्यांत बसणार नाहीत, नवी पाडावी लागतील. जुनी बुजवायची की नाही ते तू बघ. हे पाकीट उद्या इन्व्हर्टरांसोबत जीवनच घेऊन निघतो आहे. चिकटवलेलं नाही. दोन दिवसांच्या वाटेत तो ते उघडून वाचणार नाही हे मला माहीत आहे, आणि दीपमाला, त्याच्यावरचा माझा सगळ्यात मोठा राग तोच आहे.

या वेळी माफी मागून आलेला,
अजूनही तुझाच,
नागसेन