वेन्झू मोफिझशी काय बोलतो

इम्जार बंदर, गोझो
२२ जुलै

प्रिय कोन्सिल्या,

मंगळवार, ९ जुलै, दुपारी पावणेपाच. माझ्यावर अन्याय झाला तो हा क्षण. वेळ चर्चच्या उजव्या घड्याळातली आहे. डावे सैतानाला चकवायला चुकीचे चालते, हे मेलबर्नला पन्नास वर्षे काढूनही तू विसरली नसशील. पण आधी रीतीचे. मदोन्ना तुझ्या गुडघ्यांची काळजी घेवो. नातवंडांना माझे आशीर्वाद. (त्यांना आपल्या भाषेत जेवण मागता येते आणि शिव्या देता येतात, असे तू लिहिलेस. निम्मा संसार एवढ्यावर चालतो, काळजी करू नकोस.) माझी तब्येत उत्तम आहे, रागाने माणूस टवटवीत राहतो.

तर वेन्झू. त्याची बायको स्टेला गेली आणि माझा हा धाकटा भाऊ माझ्याकडे राहायला आला, त्याला नऊ वर्षे झाली. या नऊ वर्षांत त्याचे माझ्याशी बोलणे म्हणजे "मीठ", "हं" आणि रविवारी "चल, घंटा झाली". मी समजून घेतले. दुःख आहे, म्हटले, कोळ्याचा स्वभाव आहे. त्या मंगळवारी तो टोपी विसरून गेला म्हणून मी टोपी घेऊन बंदरावर उतरले, तर हा बाकावर बसून बोलत होता. नुसता बोलत नव्हता, हात हलवत होता. मला आधी वाटले ऊन लागले. शेजारी मोफिझ. हा मोफिझ बरिशालचा, बांगलादेशातला. बंदरावरच्या हॉटेलात भांडी घासतो, गावाकडे होड्या बांधायचा. दुसऱ्याचे बोलणे चोरून ऐकू नये हे सिस्टर बेनिन्यांनी तुला आणि मला एकाच बाकावर शिकवले. वाळत घातलेल्या जाळ्यांबद्दल मात्र त्या काही बोलल्या नव्हत्या, म्हणून मी जाळ्यांमागे उभी राहिले.

वेन्झू आपल्या भाषेत बोलत होता आणि मोफिझ बंगालीत. एकाला दुसऱ्याचे अक्षर कळत नाही. वेन्झू पाऊण तास टुना माशाच्या एका मोसमाबद्दल बोलला, मग मोफिझ तितकाच वेळ देव जाणे कशाबद्दल. मध्येच वेन्झू मान हलवून म्हणाला, "नाही, नाही, हे मला पटत नाही." काय पटत नाही, कोन्सिल्या? जे कळलेच नाही ते?

बरे, दोघांनाही कामापुरते इंग्रजी येते. दुसऱ्या दिवशी मी मोफिझला गाठून विचारले, की बाबा रे, देवाने एक समाईक भाषा दिली आहे तर ती वापरत का नाही? तो नम्रपणे म्हणाला, "आंटी, इंग्रजीत काम करतो. तिथे बसल्यावर कोण काम करणार?" घरी वेन्झूला विचारले, तर म्हणाला, त्याच्या गावाकडचे पाणी गोडे असते, पैलतीर दिसत नाही, तरी गोडे. तुला कसे कळले? "सांगितलं की त्याने." आणि मग, "मीठ."

गेल्या गुरुवारी मी विणकाम घेऊन सरळ बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. वारा पडला होता. होड्या आपापल्या सावलीवर निजल्या होत्या. मोफिझने ग्लासातला चहा आणला, दाट दुधाचा, आपल्यासारखाच. त्याचे बोलणे त्याने एकदा दिलेल्या डाळीसारखे, मऊ, सगळीकडे पसरणारे. वेन्झूचे आपले खडबडीत, पायाखाली गोटे वाजावेत तसे. थोड्या वेळाने मला अर्थ ऐकू येईनासा झाला, नुसते येणेजाणे उरले. सुई हातात तशीच राहिली. वाटले, आपल्या एवढ्याशा बेटाचे शब्द बोटीत बसून मेलबर्नला गेले, टोरांटोला, डेट्रॉईटला. मोफिझचे लंडनला, जेद्दाला. कुठल्या तरी स्वयंपाकघरात कोणी तरी याच क्षणी म्हणत असेल, दार लाव, पोरं झोपलीत. आणि बाहेरच्या रस्त्याला ते कळत नसेल. हे शब्द संध्याकाळी परत येत असतील का, जाळ्यांवर बसायला, पाखरांसारखे? (हसू नकोस. चहा फार गोड होता.)

त्या गुंगीत वेन्झूचा आवाज ऐकू आला. "शेवटच्या दिवशी तिने खिडकी उघडायला लावली. म्हणाली, बोटीचा भोंगा ऐकू दे. बोट उशिरा आली."

मोफिझने ग्लास खाली ठेवला. मग बंगालीत हळू काहीतरी म्हणाला, आणि वेन्झूने मान हलवली.

मी त्या दिवशी शेजारच्या खोलीत सूप गरम करत होते, कोन्सिल्या. हे मला ठाऊक नव्हते. माझी सुई दगडावर पडली, वेन्झूने वळून पाहिले आणि म्हणाला, "लिबेराता, ऊन लागेल तुला. घरी जा."

तू घराण्यात थोरली आहेस. सख्ख्या बहिणीला "मीठ" आणि परक्याला सगळे आयुष्य, हे कुठल्या शास्त्रात बसते, याचा त्याला लेखी जाब विचार. सांता मारियाच्या सणाआधी, म्हणजे १५ ऑगस्टच्या आत, मला तुझे लेखी उत्तर हवे. फोन नको, फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझी मावसबहीण,
लिबेराता

ता. क. मोफिझला त्याच्या चुलतभावाने इटलीत, मोन्फाल्कोनेच्या जहाजांच्या कारखान्यात बोलावले आहे. तिथे म्हणे गल्लीच्या गल्ल्या बंगाली बोलतात. सणाच्या दुसऱ्या दिवशी निघणार. वेन्झूला काल कळले. आज दुपारी बाकावर गेला नाही. जेवताना मीठसुद्धा मागितले नाही, आणि सूप अळणी होते, मी मुद्दाम केले होते.

ता. क. २. तुझ्या नार्दूच्या इथल्या होड्या दुरुस्तीच्या कारखान्यात लाकूड जाणणारा माणूस मिळत नाही, असे बेकरीत ऐकले. नार्दू आपल्या गावाचा बँड सोडून पलीकडच्या, वैऱ्यांच्या बँड क्लबात गेल्यापासून मी त्याच्याशी बोलत नाही आणि बोलणारही नाही. पण तू त्याची आई आहेस. मोफिझच्या कामाच्या परवान्याचे कागद मी भरीन. माझे नाव मात्र कोणालाही सांगायचे नाही, वेन्झूला तर मुळीच नाही.

ता. क. ३. वर मागितलेला जाब रद्द समज. वेन्झूला एक अक्षर लिहू नकोस, नार्दूला लिही. मुदत तीच.