इंजिनियर कुणाला व्हायचं होतं?

१४ जून

मिळाली! चाकणची नोकरी मिळाली! गाड्यांचे दरवाजे बनवणारी कंपनी, डिझाइन विभाग. अम्मीने गल्लीत शेवया वाटल्या. अब्बा गॅरेजमधून तसेच धावत आले. ग्रीसचे हात पाठीमागे धरून नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "आता चिखलीत मन्सूर मिस्त्रीचं घर विचारलं तर लोक सांगतील – इंजिनियर साबिया राहते ना, तेच!"

(घरात आम्ही हिंदी बोलतो. इथे सगळं मराठीत लिहिते. घरात बाकीच्यांना उर्दूच वाचता येतं, म्हणूनच!)

सगळे खूश. मीही असणारच. मग रात्रभर जागी का?

१७ जून

नोकरी १ जुलैपासून, तोवर रिकामीच. समोरच्या अंजलीताई थेरगावला शाळेत शिकवतात. संध्याकाळी त्यांच्या घरी परप्रांतातून आलेल्या कामगारांची मुलं जमतात. मराठी येत नाही म्हणून वर्गात गप्प बसणारी. "जरा मदतीला ये ग," म्हणाल्या.

रुक्साना म्हणून एक चिमुरडी आहे. ती उभी राहून धडा वाचत होती. तिला म्हटलं, "बस." ती वाचायची थांबली आणि उभीच! मला हसू फुटलं. पहिलीत माझंही हेच झालं होतं. आजमगढहून आल्यावर पहिलाच दिवस, बाई म्हणतायत "बस, बस", आणि मी उभी. आमच्याकडे बस म्हणजे पुरे! तिला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली...

२० जून

रोज जातेय. तिथून पाय निघत नाही.

मला बाई व्हायचंय का? काय भलतंच! अब्बांनी गाव सोडलं ते यासाठी?

२२ जून

अम्मीला हळूच बोलले. तिचा पोळपाटावरचा हात थांबला. "अब्बांना सांगू नकोस. इथे आपलं शेत नाही, भाऊबंद नाहीत. बाहेरून आलेल्याने हातात आलेलं सोडायचं नसतं, बेटा."

खरंच आहे तिचं. लहानपणापासून मी हेच ऐकलंय. पण मग मला नक्की काय हवंय? आणि जे हवंसं वाटतं ते माझं, की त्यांचं माझ्या तोंडून? काही कळत नाही.

२५ जून

सांगून टाकलं! जेवताना. "अब्बा, तुमचं स्वप्न मोडतेय, माफ करा."

अब्बांचा घास हातातच. "माझं स्वप्न? तुला इंजिनियर हो असं मी कधी म्हटलं?"

मी आठवून बघितलं. एकदाही नाही.

"तूच म्हणालीस! एवढीशी होतीस. एहसानचाचा आले होते, त्यांच्यासमोर. मी तर घाबरलो. मला वाटायचं शाळेत लागशील, नाहीतर दवाखान्यात, घराजवळ. पण पोरगी बोलली म्हटल्यावर बापाने मागे हटायचं? तेव्हापासून रविवारीही गॅरेज उघडं ठेवलं."

"मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाले होते, अब्बा!"

मग अम्मीला हसू आलं, आणि हसता हसता तिचेच डोळे भरले.

२६ जून

म्हणजे इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी आणि ते माझ्यासाठी!

मग हे हवं होतं कुणाला? रडू येतंय, रागही येतोय. कुणाचा ते कळत नाही.

२७ जून

नोकरी नको सांगायला चाकणला गेले. स्वरूपा मॅडम मीटिंगमध्ये होत्या. त्यांच्याच हाताखाली काम करायचं होतं. त्यांच्या टेबलाशी बसवलं. टेबलावर गाडीच्या दरवाज्याची एक बिजागरी पडली होती, तडा गेलेली. सहज उचलली. उलटीसुलटी करून बघितली. मग कागद ओढून तिचं चित्रच काढायला लागले.

मॅडम कधी आल्या कळलंच नाही. "तुला काहीतरी सांगायचं होतं ना?"

मी म्हणाले, "ही इथेच का तुटते?"

त्यांनी खुर्ची ओढली. चहा गार झाला दोघींचा. जे सांगायला गेले होते ते राहूनच गेलं. विसरले, की मुद्दाम?

३० जून

अंजलीताईंकडे रविवारी जायचं ठरलंय. अब्बा म्हणाले, "नोकरीची जबरदस्ती नाही. नको वाटत असेल तर जाऊ नकोस." अम्मीही आता तेच म्हणते. आता जा म्हणणारं कुणीच उरलं नाही – आणि मला उद्या चाकणला जायचंच आहे!