ओसरीच्या खांबाबाबत मामांना

कुमासी, बुधवार

तीर्थस्वरूप ओबिरीमामांना, भाचा याव सेचेरे याचा चपला काढून, उजव्या हाताने नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला शियाचं लोणी लागू पडतंय का? टाकोराडीची समुद्राची हवा मानवली असेलच. इकडे आजी (म्हणजे तुमच्या मातोश्री) ठणठणीत आहेत. ऐकू येत नाही म्हणतात आणि सगळं ऐकतात. माझी बहीण आफ्रियी बरी आहे. बरी म्हणजे जेवते. शनिवारपासून माझ्याशी बोलत नाही, ते पुढे येईलच.

तुम्ही धाडलेलं वीज ओळखायचं पेन मिळालं. तारेला हात न लावता नुसतं जवळ न्यायचं, आत वीज असली की ते ओरडतं, ही मोठीच सोय. तुमच्या हाताखाली आम्ही बोटाची पाठ लावून वीज ओळखायला शिकलो, त्यामुळे माझ्या तीन बोटांना अजून गरम-गार कळत नाही. पेनाबरोबर माहितीचा एक कागद होता. तो गॅरेजसमोरच्या बाईने भाजलेल्या शेंगा बांधायला नेला. (कागद वाचून काम करणारा मेकॅनिक आपल्या घराण्यात अजून झालेला नाही.)

पहिली परीक्षा लारबीच्या टॅक्सीवर घेतली. बॅटरीजवळ पेन नेलं, गप्प. जाड तारेवरून फिरवलं, गप्प. मी चारचौघांत जाहीर केलं, "लारबी, तुझी बॅटरी मेली." तो म्हणाला, "मेली कसली? आत्ता हिच्यावरच गाडी चालू करून आलो ना मी!" गिऱ्हाइकाने आपल्याला शिकवू नये म्हणून मी तडक पान्हा घातला. तो बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकदम टेकला. मामा, पान्हा तिथेच चिकटला आहे. (माझी डावी मिशी हळूहळू येते आहे.) यावरून मी, तुमच्याच तालमीतला माणूस, असं ताडलं की हे पेन उलटं बोलतं: वीज असली की गप्प, नसली की ओरडतं. आणि रोज न चुकता उलटं बोलणाऱ्याइतका भरवशाचा कोणी नाही.

शनिवारी बाडूची माणसं आफ्रियीला मागणी घालायला येणार होती. मामा म्हणून शेवटचा शब्द तुमचा, पण तुमच्या जागी तुम्ही मला उभं केलंत. मी आदल्या दिवशी घरभर पेन फिरवलं. ओसरीच्या लोखंडी खांबाजवळ ते असं ओरडलं की कोंबड्या पळाल्या. मी निर्धास्त झालो. त्या खांबाला घरात कोणी हात लावत नाही आणि भाडेकरू आंघोळीलाही रबरी चपला घालून जातात, पण ती मी घराची शिस्त समजत होतो.

बाडूचे आजोबा अम्पोन्सा सर्वांच्या पुढे, मागे मागणीच्या जिनच्या दोन बाटल्या घेतलेली मंडळी. आजोबा रीतीचे पक्के. त्यांनी खांद्यावरचं वस्त्र खाली घेतलं, चपला काढल्या, नुकत्याच धुतलेल्या ओसरीवर अनवाणी उभे राहिले, तोल सांभाळायला डाव्या हाताने खांब धरला आणि उजवा हात आजींच्या हातात दिला. (उजवीकडून सुरुवात करून अकरा जणांशी हात मिळवायचे होते. ते पहिल्यावरच थांबले.) आजी म्हणाल्या, "अगबाई, म्हाताऱ्याच्या हातात अजून जोर आहे हो!" आजोबांचा डावा हात खांबावरून सुटेना. मी लाकडी बाकाने ढकलून त्यांना सोडवलं. पाहुण्याला बाकाने ढकलणं आपल्यात बसत नाही, असं मला नंतर सांगण्यात आलं. भानावर येताच ते म्हणाले, "हे घर नको म्हणतंय. चला रे." मंडळी बाटल्यांसकट परत गेली.

आफ्रियीने एवढंच विचारलं, "दादा, पेन ओरडलं होतं का?" मी हो म्हटलं. तेव्हापासून अबोला आहे. मामा, मला फार वाईट वाटतं. चार वर्षं ती बाडूसाठी थांबली आहे, आणि पोरगा खरोखर चांगला आहे.

मग शेंगावालीकडून कागद परत आणला. पेनाला घरातली वीज कळते, गाडीच्या बॅटरीची कळतच नाही, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे खांबाबद्दल ते खरं बोलत होतं. ते ओरडेल तसा मी शिडीने खांबापासून वर छतात गेलो. तिथे तुमच्या हातची जोडणी आहे. काय सुबक काम! तीस वर्षांत एक खिळा हललेला नाही. फक्त दिव्यांची बटणं भलत्याच तारेवर बसली आहेत, त्यामुळे दिवा बंद केला तरी वीज त्याच्यापर्यंत येऊन थांबलेली असते, आणि त्यातली एक तार खांबाला टेकली आहे. हे तुमच्याकडून झालं असं मी म्हणत नाही. उंदीरही असेल.

तुमचा आज्ञाधारक,
याव

ता.क. तारा बदलायला तुमची परवानगी हवी.

ता.क. ती मिळेलच असं धरून परवाच बदलल्या.

ता.क. बाडूची माणसं या शनिवारी सकाळी परत यायला तयार आहेत. आजोबांची एकच अट: ज्याने वायरिंग केलं, त्याने सगळ्यांदेखत चपला काढून, ओल्या ओसरीवर उभं राहून आधी खांब धरायचा. मी उंदराचं नाव सुचवून पाहिलं. आजी म्हणाल्या, "ओबिरीने केलंय. बोलवा त्याला." तरी शुक्रवारची बस धरावी. आफ्रियी आजच तुमची खोली झाडते आहे.

ता.क. खांबाजवळ पेन आता अगदी गप्प असतं. अर्थात मी तारा बदलल्यापासून आमच्या भागात वीजच आलेली नाही. शनिवारी सकाळपर्यंत नक्की येईल, असं सगळे म्हणतात.